वासुदेवरावांनी मोजलेला समुद्र

"मले फक्त समुद्रात पाय टाकून बसाचं हाय," नलूबाई म्हणाल्या. आंजीहून निघाल्यापासून त्यांचं हे किमान दहाव्यांदा म्हणून झालं होतं.

"बसाले इतक्या दूर काऊन याव लागते? आंजीत आपला ओटा नाई का?" असं म्हणून वासुदेवरावांनी खिशातली यादी काढली.

पुण्याच्या मुलानं, रजतनं, आईबाबांना चार दिवस आराम मिळावा म्हणून कोकणात किनाऱ्यावरचं एक घर बुक करून दिलं होतं. पण आराम करायला वासुदेवरावांना सवड कुठे होती? गावातल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि साधे सभासद असलेल्या रूपरावांनी चिखलदऱ्याहून ग्रुपवर एकशे बारा फोटो टाकले होते. तेव्हापासून अध्यक्षांना झोप नव्हती. त्यांनी चार दिवसांत नऊ छोट्या पदभ्रमंत्या आखल्या होत्या. दीपगृहाची टेकडी, काजूचा सडा म्हणजे काजूच्या झाडांचं पठार, खाडीची वाट, प्रत्येकी दोन तास. यादीत बसण्यासाठी मात्र जागा नव्हती. पाय ओले झाले की बुटात रेती जाते आणि रेती गेली की चाल मंदावते, हे कारण त्यांनी रेल्वेतच देऊन ठेवलं होतं.

शिवाय पाणी हा त्यांचा विषय. एकतीस वर्षं त्यांनी एका धरणावर पातळी मोजण्याची नोकरी केली होती. पाण्याबद्दल दुसऱ्या कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. रात्री दहाला ते दोघं पोहोचले तेव्हा समुद्र अंगणाच्या कुंपणाजवळ होता. पहाटे उठून पाहतात तर तो पार लांब गेलेला. वासुदेवरावांनी वाळूत काठी रोवली, अर्धा तास थांबले, पावलं मोजली आणि वहीत लिहिलं.

"उतरून राह्यलं," त्यांनी निकाल दिला. "आता पावसाळ्यापर्यंत चढत नाई. त्या समोरच्या बेटावर पायी जाता येते, चाल."

तेवढ्यात घरमालकीण चहा घेऊन आली. "काका, बेटावर जाताय तर नऊच्या आत परत या हां. भरती येते."

"भरती पौर्णिमेले येते, बाई," वासुदेवराव तिला समजेल अशा बेतानं, सावकाश म्हणाले. "पौर्णिमा तं परवाच होऊन गेली."

घरमालकिणीनं नलूबाईंकडे पाहिलं. नलूबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. आल्या त्या दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन.

"दोन तासाचं फिरणं हाय. लगनाले चालली का तू?"

"असू द्या. उचला."

वाट खरोखर सुंदर होती. ओल्या वाळूवरून चालत बेट गाठायचं, खडकातल्या पायऱ्या चढायच्या आणि माथ्यावर एक छोटं देऊळ. वासुदेवरावांनी सूर्यासह, सूर्याविना, हात पसरून आणि हात आवरून असे त्रेसष्ट फोटो काढून घेतले. फोटो काढता काढता नलूबाई म्हणाल्या, "पाणी जवळ आल्यावानी वाटते."

"वाऱ्यानं हालते ते. हासून उभा राहू का साधाच?"

सव्वानऊला वाळूची वाट दिसेना. वासुदेवराव अर्ध्या पायऱ्या उतरले, पाण्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग रागानं लाल झाले.

"कोणंतरी गेट उघडले! न सांगता! आमच्या वेळी भोंगा वाजवत होते!"

त्यांनी घरमालकिणीला फोन लावला. "बाई, पाणी सोडलं कोणंतरी! होडी पाठवा!"

"त्या खडकांत होडी लागत नाही, काका. देवळापाशी पाणी येत नाही, घाबरू नका. आणि काकूंना..." एवढ्यात त्रेसष्ट फोटोंनी दमलेला फोन बंद पडला.

वासुदेवराव धापा टाकत वर आले. आता दोघं इथंच उपाशी मरणार, आणि फोटो ग्रुपवर न जाता मरणार, याची त्यांना खात्रीच पटली होती. पाहतात तर देवळाच्या सावलीत सतरंजी अंथरलेली. वर छत्री, पाण्याच्या चार बाटल्या आणि दोन डबे.

"हा दुपारचा," नलूबाई म्हणाल्या. "अन् हा चार वाजताचा. ठेचा दोनीत हाय."

"तुले... मालूम होतं?"

"सकाळीच इचारलं म्या तिले. नऊले चढते, सहाले उतरते. देवळापाशी येत नाई, हेबी इचारून घेतलं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तिनं सांगतलं ना तुमाले. तुमी म्हणले, पौर्णिमा झाली. एकतीस वर्साची नोकरी तुमची, मी काय सांगू?"

चप्पल वर ठेवून त्या खालच्या पायरीवर गेल्या आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. लाट आली की लहान मुलीसारख्या हसत होत्या.

वासुदेवराव साडेअकरापर्यंत समुद्राकडे पाठ करून बसले. यादीतली दीपगृहाची टेकडी गेली, काजूचा सडा गेला. मग बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, खाली येऊन बायकोशेजारी बसले आणि पाय पाण्यात सोडले.

"थंड हाय," ते म्हणाले.

"वहीत लिवा," नलूबाई म्हणाल्या.