इंगळे सर उभे आहेत

इंगळे सर मोबाइलसमोर उभे राहतात. ऑनलाइन तासाला प्राध्यापकांनी नाव पुकारलं की सर ताडकन उठतात, "हजर, सर!" म्हणतात आणि "बसा" ऐकल्याशिवाय बसत नाहीत. एकदा "बसा"च्या आधीच रेंज गेली. सर पाऊण तास उभे.

"सर, बसा ना. त्यांना कुठं दिसतंय?"

"मले तं दिसते ना, मॅडम."

पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या शाळेत ते बावीस वर्षं शेती शिकवतात, मी गणित. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. तिथंही सर चप्पल काढूनच चढतात. शाळा आहे म्हणे ती.

त्यांचा एक लाडका शब्द आहे, वाफसा. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, पेरायला बरोबर झाली की तो वाफसा. सर तो माणसांनाही लावतात. हेडमास्तरांकडे रजा मागायला निघालेल्याला दारातच अडवतील, "थांबा. अजून वाफसा नाही."

यंदा वरून पत्र आलं. शेती शिकवणाऱ्यांनी दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, नापास झाल्यास पद जाईल. सरांची बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी पुण्याला. शाळा सुटली तर या माणसानं दिवसभर करायचं काय? आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे गावातले सगळे फॉर्म माझ्याकडेच येतात. सरांचाही आला, आणि मी तो अभिमानानं भरला.

लेखी पेपरांत सर पास झाले. शेवटचं प्रात्यक्षिक उरलं: बियाण्याची उगवण तपासून जमा करा. सरांनी ओल्या पोत्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली. चार-पाच दिवसांनी मोड मोजले. अठ्ठ्याहत्तर. मी फोटो काढायला गेले तर पोतं गायब.

"पाठवलं ना बुलढाण्याले, प्राध्यापक सायबाकडे. सकाळच्या एसटीनं. कंडक्टरले सांगतलं, थांब्यावर पानी मारजो."

"सर! फोटो टाकायचा होता!"

"फोटोले मोड येतात का, मॅडम?"

फोटोची मुदत त्याच संध्याकाळी संपली. बावीस वर्षांची नोकरी एसटीच्या सीटखाली ओली होऊन गेली होती, आणि मला जेवण जाईना. सर मात्र खडू घेऊन वर्गात.

रविवारी सातच्या तासाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. हजेरीत सरांचं नाव आलं, सर उठले. प्राध्यापक म्हणाले, "इंगळे, तुमचं पोतं पोचलं."

सर उभेच होते.

"मी स्वतः मोजलं. तुम्ही अठ्ठ्याहत्तर लिहिलेत. एकोणऐंशी आहेत."

सरांनी चष्मा वर सरकवला. "एखादं एसटीत उगवलं असन, सर."

मोबाइलमधून हसण्याचा आवाज आला, आणि मग, "फोटो सगळ्यांनीच पाठवलेत, इंगळे. बी तुम्हीच पाठवलंत. पास आहात. बसा."

मी त्याच पायरीवर रडले. सर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, सायबाचा वाफसा बरा होता."

शाळेत पेढे वाटले. पोतं परत आलं, धुऊन सरांच्या वर्गात टांगलं. सगळं सुरळीत झालं.

पुढच्या रविवारी सात वाजता मी टाकीजवळून जात होते. सर पायरीवर, चप्पल खाली काढलेली, मोबाइल मांडीवर. स्क्रीन काळी.

"सर, कोर्स संपला ना?"

"संपला." त्यांनी काळी स्क्रीन बाहीनं पुसली. "बावीस वर्षं मी पोराइची हजेरी घेतली. माह्यी कोनी घेत होतं, ते बरं वाटे. घरी मी आहो का नाही, आता कोन विचारते?"

मी चप्पल काढली, दोन पायऱ्या चढले आणि वर्गात हजेरी घेते तशा आवाजात म्हटलं, "इंगळे?"

सर ताडकन उठले. "हजर!"

आणि उभेच राहिले, माझ्याकडे पाहत.

"बसा, सर," मी म्हटलं, आणि मीही त्यांच्या शेजारी बसले.