दगडूअण्णांचा हलका कॅमेरा

दगडूअण्णा पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा त्यांनी चहा बाजूला ठेवला, साखरेतला चमचा उचलला, तळहातावर तोलला आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, ह्याच्या दांडीला चार भोकं पाडू का? उगंच वजन हाय."

बायकोला वाटलं, गंमत करतायत. ती हसली. अण्णांनी त्या हसण्याला होकार समजून चमचा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तो बासरी होऊन.

भिंगारला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. अण्णा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाले आणि मोकाट सुटले. नाव दगडू आणि वेड हलकेपणाचं, हा विनोद मी गल्लीत इतक्यांदा केलाय, की आता मी तोंड उघडायच्या आधीच लोक उठून जातात. अण्णांच्या स्कूटरच्या किल्लीला भोकं आहेत. कमरेच्या पट्ट्याचं उरलेलं शेपूट कापलेलं आहे. चपलांच्या टाचा आतून पोखरलेल्या आहेत, त्यामुळे पावसाळ्यात ते चालतात तेव्हा बेडूक बोलल्यासारखा आवाज येतो. गल्लीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांचं भाषण लांबलं, की मागून हाक येते, "वजन काढा, वजन!"

पण हे सगळं किरकोळ. खरं वेड जुन्या सिनेकॅमेऱ्यांचं. फिल्मचं रीळ घालून, चावी देऊन चालवायचे ते ओतीव धातूचे धोंडे अण्णा कुठल्या कुठल्या भंगारातून उचलून आणतात. त्यांच्या पोटातली स्प्रिंग, दातेरी चाकं, रिळाच्या चकत्या, सगळं काढून टाकतात. फक्त पुढची भिंगं ठेवतात. फिल्म जिथून सरकायची, तिथे मोडक्या डिजिटल कॅमेऱ्याची चिप बसवतात. वरचं जाड कवच काढून पातळ पत्र्याचं करतात आणि मग सोनाराच्या काट्यावर ठेवून वजन घेतात.

एकदा सकाळी दारात उभे. चेहरा गंभीर.

"गेलं," म्हणाले.

मी घाईनं चपला पायात सरकवल्या. "कोण गेलं?"

"अकरा ग्रॅम."

मी एकदा विचारलं, "अण्णा, दुकानात मुठीएवढे कॅमेरे मिळतात. मोबाईलमध्ये तर आयताच आहे. मग हा खटाटोप कशाला?"

"मोबाईल समोर धरला की मानूस लगीच भांग नीट करतंय," अण्णा म्हणाले. "ह्यो मांडीवर ठिवला तर त्याला कळतच न्हाई. मानूस हाय तसा गावतो."

अशी वाक्यं ऐकली, की मी घरी येऊन नक्कल करून दाखवायचो. बायको पोट धरून हसायची.

मग माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. काष्टीला, आमच्या गावच्या घरी. ठरवलेल्या व्हिडिओवाल्याचा ऐन साखरपुड्याच्या सकाळी फोन आला, ताप भरलाय. वेळेला केळं म्हणून मी अण्णांना गाडीत घातलं. नवा झालेला कॅमेरा त्यांनी शर्टाच्या आत धरून आणला, मांजराचं पिल्लू आणावं तसा.

अंगठ्या घालायची वेळ झाली आणि अण्णा गायब! शोधलं तर मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, खुर्चीत निवांत बसलेले. कॅमेरा मांडीवर. समोर माझे वडील, दादा. दादांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फार मोठ्यानं बोलतात. पाहुण्यांत बरं दिसत नाही, म्हणून आम्हीच त्यांची खुर्ची तिकडे मांडली होती.

"अण्णा, उठा! तिकडे अंगठ्या घालतायत!"

"चालू हाय, चालू हाय," अण्णा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

चार दिवसांनी त्यांनी पेन ड्राइव्ह आणून दिला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर दादा. पाच मिनिटं झाली, दादा. दहा मिनिटं झाली, तरी दादाच.

"बाबा, साखरपुडा माझा होता की आजोबांचा?" मुलगी म्हणाली आणि पाय आपटत उठून गेली. तिच्यामागे बायकोही गेली. मी मात्र बसून राहिलो. भांडायला जायचं तर पुरावा पूर्ण पाहिलेला बरा.

दादा सांगत होते, "हिच्या आजीनं मला आधी न्हाईच म्हनलं हुतं."

मी आवाज वाढवला. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मंग मी तीन बाजार तिच्या बापाच्या भाजीपुढं हुबा ऱ्हायलो. काय घेतलं न्हाई, नुसता हुबा. चवथ्या बाजाराला तिनंच इचारलं, कोथमीर घ्यायची का नुसतं ऊन खायाचं?"

दादा हसत होते. बोळक्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कॅमेऱ्यामागून अण्णांचाही हसण्याचा आवाज येत होता.

मग दादांनी विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन?"

"काय?" अण्णा म्हणाले. प्रश्न त्यांना ऐकू आला होता. मग म्हणाले, "मंडळी गेली. पोरगी हाय, लई लांब दिलीया. फोन करती कवा कवा."

"आन् जेवलात का?"

"न्हाई अजून."

"का वो?"

"कोनी बसा म्हनलं न्हाई. बसू निवांत, काय गडबड हाय?"

"मला बी कोनी म्हनलं न्हाई," दादा म्हणाले. "चला."

चित्र हललं. अण्णांनी कॅमेरा खुर्चीवर ठेवला होता, बंद करायचा राहून गेला होता. आता दोघं पाठमोरे दिसत होते. दादांचा हात अण्णांच्या खांद्यावर. अण्णा दादांच्या चालीनं, एक एक पाऊल टाकत पंगतीकडे निघाले होते.

तेवढ्यात उजवीकडून एक जाडसर माणूस मोबाईल कानाला लावून घाईघाईनं आला. त्याला वाट द्यायला दोघं थांबले. दादा त्याला काहीतरी म्हणालेसुद्धा. तो माणूस त्यांच्याकडे न बघताच निघून गेला.

तो मी होतो.