अठरा हजारांच्या आतली टाकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मोहरगावच्या बाजारपेठेतल्या लोणकर फोटो स्टोअर्समध्ये, एका नव्याकोऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्याने हेमलता धाबेकर यांना गिऱ्हाईक म्हणून नाकारलं. कारण लेखी दिलं : ऐपत अपुरी, स्वभाव तापट.

हेमलताबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. तापट हे त्यांना मान्य होतं. ‘दैनिक हाकारा’त एकतीस वर्षं बातमीदारी करताना त्यांनी तीन संपादक आणि दोन आमदार बोलायचे बंद केले होते. ऐपतीचं मात्र झोंबलं.

“अठरा हजार रोख आणलेत मी!”

“तेवढ्यात माझा पट्टा येईल,” काचेमागून कॅमेरा म्हणाला.

दिगंबर लोणकर गल्ल्यावरून उठून आले. “ताई, मनावर घेऊ नका. नवीन आहेत ते, मोठं घर बघतात. पण मीही काही करू शकत नाही. कॅमेऱ्याची पसंती आल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा नियमच आहे.”

नियम हेमलताबाईंना माहीत होता. गरज त्याहून मोठी होती. पेपरने फोटोग्राफरला मार्चमध्येच घरी बसवलं होतं. संपादकांनी काल स्वच्छ सांगितलं होतं, “सात नंबर वॉर्डाच्या टाकीची बातमी शुक्रवारी लावतो, पण फोटो पाहिजे. मोबाईलचा चालणार नाही, त्यात काय दिसतंय म्हणून कुणीही हात झटकेल. नाही जमलं तर बातमी रद्द, आणि तुम्ही सोमवारपासून राशिभविष्य तपासायला बसा.” त्या टाकीचं तीनदा उद्घाटन झालं होतं. वॉर्डातल्या बायका अजून गिरणीच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

लोणकरांनी एक भिंग पुढे केलं. “हे बघा, स्वस्तात मस्त. माणूस एकदम ठसठशीत, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. हल्ली सगळ्यांना तेच लागतं.”

“मला मागचंच पाहिजे.”

खालच्या फळीवर कुणीतरी खाकरलं. मुठीवरचं रबर निघालेला एक वापरलेला कॅमेरा होता. सतरा हजार पाचशेची चिठ्ठी त्याच्या गळ्यात होती.

“बसा बाई,” तो म्हणाला. “लग्नं काढणार?”

“नाही.”

“सूर्यास्त?”

“तो रोज होतो. त्यात बातमी काय?”

“नातवंडं? मांजर? ताटातलं जेवण?”

“यातलं माझ्याकडे काही फोटो काढण्यासारखं नाही. आता तू सांग. भिंगात बुरशी आहे?”

“कडेला थोडी. तुमच्या गुडघ्यांत असेल तेवढी.”

“किती फोटो काढलेस आजवर?”

“ब्याण्णव हजार. त्यातले निम्मे नगरपालिकेच्या ठेक्यावर. तुम्हाला काढायचंय काय?”

“सात नंबरची टाकी.”

दुकानातले बाकीचे कॅमेरे दुसरीकडे बघू लागले.

“तिची तिन्ही उद्घाटनं मीच काढलीत,” जुना कॅमेरा म्हणाला. “फीत, कात्री, नारळ, साहेब. दर वेळी हुकूम एकच, मागचं धूसर ठेव.”

“मागे काय होतं?”

“मी दाखवतो, बोलत नाही. तुम्ही धूसर करणार का, तेवढं सांगा.”

“गवताचं पातं न पातं मला दिसलं पाहिजे.”

“पसंत आहेत,” कॅमेऱ्याने लोणकरांना कळवलं. पावती फाटली. उरलेल्या पाचशेत लोणकरांनी पिशवी दिली.

बुधवारी सकाळी दहा वाजता हेमलताबाई टाकीपाशी पोचल्या. कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी मागचंही स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं छिद्र बारीक केलं आणि फोटो घेतला. गवत स्पष्ट आलं. तीन कोनशिला स्पष्ट आल्या, त्यांवरची नावंही. मधोमध नीट जोडून ठेवलेल्या चपला आल्या. टाकी नव्हती. हेमलताबाईंनी मान वर करून पाहिलं. तिथेही नव्हती.

विहिरीवरून हंडा घेऊन चाललेल्या, वॉर्डातल्याच कौसाबाई थांबल्या. “काय बघताय?”

“टाकी नाहीये.”

“नाहीच दिसत. पण तुमच्याच पेपरात तीनदा आली ना? आम्हाला वाटलं, असेल.”

हेमलताबाईंनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. त्यांनी आणखी एक फोटो घेतला.

शुक्रवारी तो पहिल्या पानावर, पाच कॉलमांत लागला. शनिवारी नगरपालिकेचा खुलासा आला : टाकी जागेवर आहे. ती ऐंशी हजार व त्यापुढच्या कॅमेऱ्यात दिसते. हलक्या कॅमेऱ्याला टाकी दिसली नाही, यात टाकीचा दोष नाही.

गावाला ते पटलं. संपादकांनाही पटायला लागलं. “ताई, दिलगिरी छापून टाकू? दोन ओळींत भागेल.”

“त्या दोन ओळींची जागा मला ठेवा,” हेमलताबाई म्हणाल्या. कॅमेरा गळ्यात घालून त्या थेट मुख्याधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. “टाकी ऐंशी हजारांची, मान्य. माझ्या फोटोत चपला आल्यात. त्या कुणाच्या?”

मुख्याधिकाऱ्यांनी फाईल पाहिली. “पहारेकऱ्याच्या. शिवराम तायडे. टाकीवर चपला घालून चढायला बंदी आहे.”

“रोज चढतो?”

“मग? पाण्याची पातळी कोण बघणार?”

रविवारी सकाळी सहाला हेमलताबाई तिथे हजर होत्या. शिवराम तायडे सायकलवरून आला. त्याने रामराम केला, चपला जोडून काढल्या आणि डबा काखेत मारला. सहाला घेतलेल्या फोटोत तो चपलांजवळ उभा आहे. सहा वाजून एक मिनिटाच्या फोटोत फक्त चपला आहेत, आणि तो कुठे जाताना हेमलताबाईंनाही दिसला नाही. गवत दोन्हींत सारखंच स्पष्ट आहे. संध्याकाळी सहाला तो रिकामा डबा घेऊन चपलांपाशी परत आला, आणि पाणी अर्ध्यावर असल्याची नोंद करून घरी गेला.

दोन्ही फोटो सोमवारी छापले गेले. मधले बारा तास शिवराम तायडे कुठे असतो, याचा खुलासा नगरपालिकेने अद्याप केलेला नाही.