नानांची अर्धी बादली

आमचे शेजारी नाना रोज सकाळी डोळे मिटून बागेला पाणी घालतात. योगासन म्हणून नव्हे, नवस म्हणूनही नव्हे. एका हातात रंगपंचमीला पोरं घेतात तेवढी बादली, तीही अर्धीच भरलेली. दुसरा हात कमरेइतक्या उंचीवर बांधलेल्या दोरीवर, आणि तोंडाने एक, दोन, तीन अशी पावलं मोजणं चालू. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत दूध आणायला निघालेली माणसं हा कार्यक्रम घटकाभर बघतात आणि "रिटायर झालं की होतं असं" असा निकाल देऊन पुढे जातात.

नाना मूळचे धुळ्याकडचे, घरातलं बोलणं अजून अहिराणी, 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणारं. सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, तीही देखभाल विभागात. त्यामुळे त्यांच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, बिघडलेल्या आणि बिघडणार असलेल्या. कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी पेढा तोंडात टाकून आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवून बघतात. यजमान तोपर्यंत खालीच वाट बघत असतो.

दोन वर्षांपूर्वी मी घरापुढे बाग करायचं ठरवलं. फोनवर व्हिडिओ बघून स्वतः नकाशा काढला. मधोमध लॉन, त्यात कारंजं, गोल दगडांची वाट आणि कोपऱ्यात नेचे. जळगावात नेचे! पण व्हिडिओतला माणूस इतका आत्मविश्वासाने बोलत होता की मला आपलं गाव थंड हवेचं ठिकाण वाटायला लागलं. नानांनी नकाशा उलटसुलट करून बघितला.

"बठ्ठं झकास शे, भाऊ. लावनं सोपं शे. मे महिनामा पानी कोन टाकी?"

"मीच टाकीन की."

"तू कितला वाजता उठस?"

आठ वाजता, असं मी खरं सांगून टाकलं. नाना हसले नाहीत. नकाशाची नीट घडी करून त्यांनी तो माझ्या खिशात ठेवला. पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मे संपेपर्यंत लॉनचा रंग पोलिसांच्या गणवेशासारखा झाला होता आणि कारंज्यात फक्त डासांची भरभराट होती.

नानांची स्वतःची बाग म्हणजे साधेपणाचा अतिरेक. कमरेएवढ्या उंचीचे विटांचे वाफे, त्यांत कढीपत्ता, तुळस, गवती चहा, पुदिना आणि मोगरा. संपलं. प्रत्येक वाफा दोरीला लागून, प्रत्येकाच्या मध्ये मोजून चार पावलं. बघण्यासारखं त्यात काहीही नाही. "डोळे मिटून पाणी घालायला अगदी योग्य बाग आहे," असं मी बायकोला म्हणालो आणि दिवसभर स्वतःच्या विनोदावर खूश होतो.

खरा राग मला आला तो गुलाबांवरून. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांनी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये वाढवलेले बारा गुलाब इकडे येताना टेम्पोत स्वतःच्या पायांशी ठेवून आणले होते. गेल्या हिवाळ्यात नानांनी ते सगळे उपटले आणि कॉलनीत वाटून टाकले. सहा माझ्याकडे आले. अक्का दारात उभ्या होत्या.

"नाना, अहो एवढी हौसेची झाडं!"

"काटा शेतस त्यासले."

"गुलाबाला काटे असतात हे आज कळलं तुम्हाला?"

नाना घरात गेले. आयुष्यभर ज्या बाईच्या हातचं जेवले तिची एवढीशी हौस बघवत नाही, असं मी त्या दिवशी बायकोजवळ बरंच तोंडसुख घेतलं.

यंदाच्या मे महिन्यात नाना पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस धुळ्याला गेले. जाताना मला पाणी घालायला सांगितलं नाही. आता बघू कोण घालतं, अशा दुष्ट आनंदात मी सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभा राहिलो.

अक्का बाहेर आल्या. हातात तीच अर्धी बादली. डावा हात दोरीवर ठेवून त्या चार पावलं चालल्या, थांबल्या, कढीपत्त्याचं एक पान चुरगळून हुंगलं आणि पाणी घातलं. पुन्हा चार पावलं, मग तुळस.

"अक्का, मी घालू का?"

त्या वळून हसल्या, पण माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या स्कूटरकडे. "कोन, भाऊ का? र्‍हाऊ द्या. बठ्ठं मोजेल शे."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांना काचबिंदू होता. उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. नानांनी घरी येऊन सांगितलं, थेंब टाकत राहिलं की बरं होईल.

"त्यासले वाटस, माले काही माहीत नई. पन गुलाब उपटात ना त्यासनी, तव्हयच समजनं माले."

मला कुठे बघावं कळेना. मे महिन्यात पाणी कोण घालील, असं मला विचारणारे नाना आपण नसलो तर हिला एकटीला जमलं पाहिजे म्हणून स्वतःचे डोळे मिटून एकेक पाऊल मोजत होते. मी त्यावर विनोद केले होते.

"भाऊ, मना गुलाब कसा शेतस?"

सहाच्या सहा वाळून गेले होते. माझ्या कुंपणाआड त्यांची खुंटं उभी होती.

"छान आहेत, अक्का," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना परत आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी प्रत्येक वाफ्यात बोट घालून ओल बघितली. मग नेहमीप्रमाणे बादली घेतली, दोरी धरली, डोळे मिटले आणि एक, दोन, तीन सुरू केलं. अक्का पायरीवर बसल्या होत्या.

"डोया उघाडा आते," त्या म्हणाल्या. "माले जमस."

नाना जागीच थांबले. बादली त्यांनी हळूच खाली ठेवली. डोळे मात्र बराच वेळ उघडले नाहीत.