दहाव्या मैलाचा दगड

सयाजी हवालदाराने सायकल चिंचेला टेकवली, पलटणीतून आणलेलं स्टॉपवॉच सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"तीन मिनिटं एकोणसाठ सेकंद," तो म्हणाला. "ज्ञानू, गेल्या साली स्वीडनच्या एका गड्यानं मैलाचा जगाचा इक्रम केला, त्यो चार मिनिटं एक सेकंदाचा. पेपरात आलंवतं."

"मग?" ज्ञानूने तळपायातला काटा उपसत विचारलं.

"मग काय, तू जगाच्या दोन सेकंद म्होरं."

ज्ञानूचं जगाशी काही वाकडं नव्हतं, वाकडं होतं सांगलीच्या दादासोंशी. दादासो विश्रामबागेतल्या एका क्रीडामंडळाचे चिटणीस आणि तिथल्या मैलाच्या शर्यतीत पाच वर्षं पहिले. अर्ज नाकारायचं कामही त्यांच्याकडेच असल्याने पहिला नंबर सहसा हुकत नसे. कोरेगावच्या उसातून उठून गेलेल्या अनवाणी ज्ञानूला त्यांनी चारचौघांत फाटकातून परत पाठवलं होतं. "आधी मैलाची वेळ लेखी आण. सरकारी सहीनं. मग बघू."

म्हणून ज्ञानू सातारा-कोरेगाव रस्त्यावर नवव्या मैलाच्या दगडापासून दहाव्यापर्यंत पळाला होता आणि सयाजी सायकलवरून शेजारी वेळ धरत आला होता. आता राहिली सही. रस्ता लालासाहेब ओव्हरसियरांच्या ताब्यातला. त्यांनी आकडा ऐकला आणि मोजणीची साखळीच बाहेर काढली.

"कोरेगावात जगाचा विक्रम? मोजल्याशिवाय शाई उघडायचा नाही मी."

मैलाला ऐंशी साखळ्या लागतात. बहात्तरावी साखळी चिंचेखालच्या दहाव्या दगडाला लागली आणि मैल संपला.

"आठ कमी," लालासाहेब समाधानाने म्हणाले. "दगड हलवलाय. कोणाचं काम हे?"

ज्ञानूची आई राहीबाई भाकरी घेऊन आली होती. तिने डोईवरची पाटी उतरवली. "तुमचंच की, सायेब. बेचाळीसच्या धामधुमीत पोरांनी दगड उपटलं. ते गेल्या साली तुमी परत बसवत आलासा. ह्यो तकडं मोरीपाशी बसायचा. गाडीचा आस हितंच मोडला. तुमी म्हणालासा, सावली बरी हाय, हितंच गाडा. पाणी मीच दिलंवतं."

लालासाहेबांनी साखळी गुंडाळायला घेतली. 'सर्व दगड मूळ जागी बसविले' असा रिपोर्ट त्यांच्याच सहीने कलेक्टर कचेरीत जाऊन बसला होता. बहात्तर लिहावं तर तो रिपोर्ट खोटा. ऐंशी लिहावं तर जगाचा विक्रम. त्यांनी दोन्हींचं वजन केलं. जग लांब होतं, कचेरी साताऱ्यात होती.

"मैल पूर्ण आहे," ते म्हणाले आणि दाखला लिहू लागले.

"बहात्तर लिवा सायेब," ज्ञानू म्हणाला. "मला खोटा इक्रम नगं."

"खोटा? सरकारी मैल आहे हा."

सयाजीने परस्पर टपालात टाकलेला दाखला सांगलीला पोहोचला आणि चौथ्या दिवशी दादासो स्वतः कोरेगावात उतरले. अंगात पांढरी बनियन, पायात खिळ्यांचे बूट. "तुमच्या रस्त्यावर एवढी जादू असेल तर मीही पळतो. माझा मैल चार मिनिटं पन्नासचा. बघू किती उतरतो."

ते नवव्या दगडाकडे निघाले तशी राहीबाई आडवी आली. "आवं पाव्हणं, तकडं लय ऊन हाय. हितनं, चिंचेखालनं सुरवात करा. दहाव्यापास्नं अकराव्यापतूर. त्यो बी सरकारी मैलच. आमचा ज्ञानू बी संगं पळंल."

मागच्या मैलातून गळालेल्या आठ साखळ्या कुठे गेल्या असतील, हे दाखल्याच्या काळजीने आलेल्या लालासाहेबांच्या तेवढ्यात ध्यानात आलं.

दोघे बरोबर सुटले. सयाजी सायकलवर. ज्ञानूने अकराव्या दगडाला हात लावला तेव्हा चार मिनिटं त्रेपन्न झाली होती. दादासो पाच मिनिटं एकोणीसला आले, तेही बूट हातात घ्यावेत अशा चेहऱ्याने. चिंचेपर्यंत परत येताना ते एकच बोलत होते, "हा मैल लांब आहे. मोजा."

"सरकारी मैल लांब नसतो," लालासाहेब म्हणाले. "आखूडही नसतो."

राहीबाईने दादासोंपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "आता तकडचा पळा. त्यो लय हलका हाय. तुमचा बी इक्रम व्हईल."

दादासोंनी एकदा मागचा रस्ता पाहिला, एकदा पुढचा. मैल कसाही असो, त्याच मैलात ज्ञानू पुढे होता, आणि ते पाहायला अर्धं कोरेगाव उभं होतं. त्यांनी पिशवीतून शर्यतीचा अर्ज काढला आणि ज्ञानूचं नाव घातलं.

"वेळ?"

"चार मिनिटं सव्वीस," ज्ञानू म्हणाला. आठ साखळ्या धरून सयाजीने हिशेब केला होता.

लालासाहेब एकदम पुढे सरकले. "तीन एकोणसाठच लिहा. दाखला आहे. माझी सही आहे. विक्रम कमी करता येणार नाही."

ज्ञानूने अर्ज हातात घेतला, स्वतः चार सव्वीस मांडलं आणि खाली अंगठ्याऐवजी, दादासोंना दिसेल अशी, सावकाश सही केली.

"त्यो इक्रम तुमीच पळा, सायेब," तो म्हणाला. "मी माझा मैल पळतो."