फळाची बी

सुनेच्या साहेबांनी भेट दिलेलं जांभळं, खवल्याखवल्यांचं फळ दुपारी ओट्यावर होतं. चार वाजता खाली फरशीवर त्याची सालं उरली होती आणि त्यांत तोंड घालून घरचा कुत्रा, मुकादम, मिशा चाटत बसला होता.

फळाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. सुनेनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, उरलंय ते पिशवीत भरा आणि कुत्र्याला घेऊन या, असं बाईंनी बजावलं. मुलानं गाडी काढली. सासूबाई पुढे बसल्या. सासरे कारखान्यात जन्मभर माल तपासून निवृत्त झालेले. एरवी प्रत्येक गोष्टीत खोट काढणारे, पण आज मुकादमचं डोकं मांडीवर घेऊन मुकाट बसले. साखरेच्या आजारामुळे त्यांना गोड बंद होतं, आणि त्यावर सासूबाईंचा पहारा होता.

दवाखान्यात एक मांजर बसलं होतं. जखम चाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलेलं. सासूबाई त्याच्याकडे कौतुकानं पाहत राहिल्या.

बाईंनी सालं जुळवून पाहिली, कॉम्प्युटरवर फळ शोधून काढलं. गर निर्धोक निघाला. "पण ह्यात अक्रोडाएवढी बी असते," त्या म्हणाल्या. "ती कुठंय?"

पिशवीत नव्हती. फरशीवरही दिसली नव्हती. म्हणजे पोटात, आणि आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागणार. सुनेनं मुकादमला मिठी मारून डोळ्यांना पदर लावला. मुलगा भिंतीवरचा तक्ता वाचू लागला. बाईंनी गुंगीचं इंजेक्शन भरायला घेतलं.

सुई पाहून मुकादमनं सासऱ्यांचा हात चाटला. सासऱ्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत बी होती, स्वच्छ धुतलेली.

"कुंडीत लावणार होतो," ते म्हणाले.

"आणि गर कुठं लावलात?" सासूबाईंनी विचारलं.

नवा माल नमुना पाहिल्याशिवाय घरात कसा वाटायचा, असं काहीतरी सासरे पुटपुटले. नमुना घेता घेता माल संपला होता. मुकादमला सालं दिली होती, ती आळ त्याच्यावर जावा म्हणून.

बाईंनी सुई खाली ठेवली. कुत्रा ठणठणीत आहे, घरी न्या, म्हणाल्या.

सगळे हसत सुटले. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मांजराकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर, ते नरसाळं मोठ्या मापात मिळतं का हो?"