पाटी पाण्यात पडली

माणसाने मासा पाळावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जो कापून खाता येत नाही, कुरवाळता येत नाही आणि वर डसतो, असा मासा पाळायला एकतर डोकं फिरलेलं असावं लागतं, नाहीतर हुद्दा तरी असावा लागतो. सेफ्टीसाहेबांना हुद्दा होता.

ते कारखान्यात सुरक्षा अधिकारी. ‘पळू नका’, ‘वाकू नका’, ‘टोपी घाला’ अशा पाट्या लावणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. घरीही तोच खाक्या. गॅसपाशी पाटी, जिन्यापाशी पाटी, न्हाणीघरात ‘सावधान, फरशी ओली आहे’. (न्हाणीघरातली फरशी ओली नाही तर काय दिवाणखान्यातली असणार? पण विचारतो कोण!) बायको त्या पाट्यांवरची धूळ पुसायची आणि गप्प बसायची. बाई गप्प बसली की पुरुषाला वाटतं, आपलं पटलं. वाटू द्यावं.

तर साहेबांचा रक्तदाब वाढला. मासे बघत बसावं, मन शांत होतं, असं डॉक्टर म्हणाले. साहेब दोन सोनेरी मासे आणायला दुकानात गेले आणि एका काचेसमोर खिळून उभे राहिले. आत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा, सगळे पंख पसरून, लग्नात मिरवणाऱ्या वरमाईसारखा संथ फिरत होता.

“लायनफिश आहे, साहेब,” दुकानदार म्हणाला. “पाठीवरच्या काट्यांत विष असतं. नवशिक्याचं काम नाही ते.”

हे वाक्य त्याने इतर कुणालाही ऐकवलं असतं तर चाललं असतं.

“पॅक करा,” साहेब म्हणाले.

मोठी टाकी, खारं पाणी, पंप, लांब चिमटा, जाड हातमोजे, सगळं आलं. निघताना दुकानदाराने पुन्हा बजावलं, “नुसता हात कधी आत घालायचा नाही. आणि डसलाच, तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवा, निवलं की पाणी बदला, आणि सरळ डॉक्टर गाठा.”

“मला सांगता?” साहेब म्हणाले.

घरी बायकोने कंबरेवर हात ठेवून टाकी पाहिली. “अहो, विषारी? बसायच्या खोलीत?”

“अगं, धोका वस्तूत नसतो, माणसाच्या बेफिकिरीत असतो.” (हे कारखान्याच्या फाटकावर लिहिलेलं होतं. लिहिणारे हेच.)

“बरं. राहू दे. पण ज्या दिवशी हा कुणाला डसेल, त्या दिवशी हा घराबाहेर. मग रडायचं नाही.”

“कबूल!”

पुढे झालं असं, की साहेबांचा त्या माशावर जीव जडला. कारखान्यात साहेब दिसले की माणसं मागच्या दाराने सटकत. हा मासा मात्र ते दिसले की काचेपाशी यायचा. खाण्यासाठी यायचा, हे खरं. पण आपल्याला बघून कुणीतरी पुढे येतंय, ह्याची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी ते खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसत आणि कारखान्यातल्या बेशिस्तीबद्दल त्याच्याशी बोलत.

टाकीच्या वर त्यांनी चिकटपट्टीने पाटी लावली: ‘विषारी मासा. पाण्यात हात घालू नये.’ लॅमिनेट केलेली, लाल अक्षरांत.

एका रविवारी, टाकीच्या दमटपणाने चिकटपट्टी सुटली आणि पाटी पाण्यात पडली.

चिमटा आणि हातमोजे कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं (सुरक्षेसाठीच). किल्ली बायकोच्या कमरेला. किल्ली मागायची म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याची पाटी धड चिकटवलेली नव्हती, हे कबूल करायचं. साहेबांनी विचार केला, वरच तर तरंगतेय. दोन बोटांत येईल.

त्यांनी हात घातला. आणि ते दिसल्यामुळे मासा, रोजच्यासारखाच, प्रेमाने पुढे आला.

साहेब ओरडले नाहीत. सोफ्यावरची उशी दातांत धरली, दोनदा गोल फिरले आणि स्वयंपाकघरात धावले. बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती. त्यांनी गॅसवर पाणी चढवलं, मोरीत परात ठेवली, कढत पाण्यात हात बुडवला. कळ जरा खाली बसली. इतक्यात पावलं वाजली. समोर सकाळची खरकटी भांडी होती. साहेबांनी झटक्यात एक पातेलं परातीत ओढलं.

बायको दारात थबकली. “काय करताय?”

“भांडी घासतोय.”

तिने जवळ येऊन आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. “घाम फुटलाय तुम्हाला.”

“सवय नाही ना.”

“मग सोडा. मी घासते.”

“नाही! हात... मला घासू दे. आवडतंय मला.”

एवढ्या वर्षांच्या संसारात असलं काही कानावर न पडल्यामुळे ती स्टुलावर बसली. खरकटी भांडी संपली. परातीतला हात काढला की कळ थेट खांद्यापर्यंत चढायची, म्हणून साहेबांनी डाव्या हाताने फळीवरची घासलेली भांडी घेतली. मग पाहुण्यांच्या बशा. मग किसणी.

“पाणी निवलं,” ते विव्हळले. “कढत ओत.”

तिने ओतलं. तेवढ्यात बेल वाजली. साहेबांची धाकटी बहीण मासा बघायला आली होती. तिने स्वयंपाकघरात डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

“वहिनी! माझ्या दादाला भांडी घासायला बसवलंत? रडतोय बघा तो!”

“मी नाही बसवलं, वन्सं. विचारा त्यांनाच.”

“दादा, खरं सांग. मी आहे.”

साहेबांनी बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. खरं बोलावं तर मासा जातो. न बोलावं तर बायको फुकट बोलणी खाते. “मीच बसलो,” ते कण्हत म्हणाले, “स्वखुशीने.”

“बघितलंत? धाकात आहे बिचारा!” बहीण फणकाऱ्याने बाहेर गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “वहिनी, ही पाटी पाण्यात का टाकलीत? माशाने वाचायची का?”

बायको स्टुलावरून उठली.

“हात दाखवा.”

“अगं, अजून किसणी...”

“हात!”

बोट फुगून काकडीएवढं झालं होतं. तिने कढत पाण्याची लहान बादली भरली, त्यात त्यांचा हात घातला आणि बादलीसकट त्यांना रिक्षात बसवून डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन झालं, पट्टी झाली. परतताना साहेब रिक्षाबाहेर बघत म्हणाले, “उद्या दुकानात परत देऊन येतो.”

“कशाला?”

“कबूल केलं होतं ना.”

“अहो, भांड्यांना हात लावा म्हणून इतकी वर्षं मी बोलले, सासूबाई असताना बोलले, आजारी पडून पाहिलं. जे मला जमलं नाही ते त्या मुक्या जिवाने एका दुपारी करून दाखवलं. तो राहील.” मग थोडं थांबून, “भांडीही राहतील.”

साहेबांना बोट दुखतंय म्हणायचीही सोय उरली नाही. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, हाताला काय झालं? स्वतःच्या पाटीखाली स्वतः डसून घेतलं, हे सांगणं अशक्यच. “भांडी घासताना,” साहेब म्हणाले. मॅनेजर गंभीर झाले. हा धोका आजवर कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. कॅन्टीनसाठी तातडीने पाटी करायचा हुकूम सुटला, आणि साहेबांनी स्वतःच्या सहीने ती केली: ‘भांडी घासताना सावध राहावे.’

एक प्रत बायकोने मागून घेतली आणि घरी मोरीच्या वर लावली. साहेब रात्रीच्या भांड्यांपुढे उभे होते. त्यांनी सवयीने पाहिलं आणि सांगितलं, “चिकटपट्टी सैल आहे. पडेल पाण्यात.”

“पडू दे,” बायको माशाला खाणं घालता घालता म्हणाली. “काढायला तुमचा हात आतच आहे.”